निळी शाई, हिरवी शाई

क्विटो, ४ मार्च १९९३

प्रिय सोइला आत्या,

आज तुझ्या टिपणांच्या कार्डांनी भरलेल्या बुटांच्या खोक्यांची फार आठवण झाली. लहानपणी सुट्टीत सान ब्रूनोला आले की मी ती खोकी उघडायची आणि तू लांबूनच म्हणायचीस, "अनाबेला, कार्डांना चिकट हात लावायचा नाही." आज माझ्या मार्गदर्शक येपेस बाईंनी माझी वही चाळली आणि त्यांचा सूर अगदी तुझ्यासारखाच लागला. "एकशे चाळीस पानं उतरवलीस. यात तू कुठं आहेस? तुझा हात वाचतोय, डोकं झोपलंय."

मी घरी येऊन रडले. मग केळ्याचे तळलेले काप खाल्ले आणि हे पत्र लिहायला बसले.

माझा विषय तुला आवडेल. तुझंच गाव. १९४९ सालची सान ब्रूनोची टायफॉइडची साथ. त्यावर पाच लेख मिळाले आणि पाचही लेख एकच सांगतात, की साथ चौकातल्या देल्फीन पोसोच्या आइस्क्रीममधून पसरली. इतकी एकवाक्यता असल्यावर मला नवं काय लिहायचं, हीच पंचाईत आहे. आणखी एक. गावाच्या शताब्दीचं पुस्तक निघतंय ना, त्यात या साथीवर बारा पानं द्या असं नगरपालिकेकडून मलाच विचारलंय. जूनअखेर हवीत. ते पुस्तक प्रत्येक शाळेत जाणार आहे म्हणे. बाबा आत्तापासून सगळ्यांना सांगत सुटलेत.

तीस वर्षं तू वाचनालय सांभाळलंस. लेख वाचताना टिपणं कशी काढायची, हे मला पहिल्यापासून शिकव.

तुझी,
अनाबेला


सान ब्रूनो, १३ मार्च

अनाबेला,

येपेस बाई मला न भेटताच आवडल्या. रडलीस ते ठीक, पण केळ्याचे काप खाताना कागद बाजूला ठेवत जा. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तेलाचा डाग आहे.

आता ऐक. वही फेकून दे, कार्डं घे. एका कार्डावर एकच गोष्ट. लेखात काय म्हटलंय ते निळ्या शाईत, लेख मिटवून, तुझ्या शब्दांत लिही. मिटवूनच. उघडा ठेवलास तर हात पुन्हा नक्कल करील. पान क्रमांक विसरलीस तर ते कार्ड चुलीत घाल. आणि वाचताना तुझ्या मनात जे येईल, शंका, अंदाज, चिडचिड, ते सगळं त्याच कार्डावर, पण हिरव्या शाईत. निळं दुसऱ्याचं, हिरवं आपलं. ही एवढी एक शिस्त मी १९६१ साली या गावात नोकरीला आले तेव्हापासून पाळली आहे. हिरव्याशिवायचं कार्ड म्हणजे तू त्या दिवशी वाचलंच नाहीस असं समज.

तुझ्या पाच लेखांबद्दल. पाच माणसं साक्ष देतायत, की एकच माणूस सदरे बदलून पाचदा येतोय? प्रत्येकाला विचार, "बाबा रे, तुला हे कुणी सांगितलं?" तळटीपा त्यासाठीच असतात. बाकी देल्फीन पोसोचं म्हणशील तर ते सिद्ध झालेलंच आहे. प्राध्यापक एन्दारांचा शहात्तर सालचा लेख मी तेव्हाच वाचला होता. चांगला आहे.

देल्फीनची मुलगी ओब्दुलिया माझी शेजारीण आहे, हे तुला ठाऊकच आहे. बापामागे तीच दुकान चालवायची. त्या लेखानंतर वर्षभरात तिनं ते बंद केलं. ज्या तांब्याच्या कढईत बर्फावर फिरवून ती आइस्क्रीम करायची, तिच्यात आता तिच्या कोंबड्या पाणी पितात.

सोइला आत्या


क्विटो, ३० मार्च

प्रिय आत्या,

तू म्हणालीस तसं प्रत्येकाला विचारलं, आणि मजा झाली. पाचवा लेख म्हणतो, चौथ्यानं सांगितलं. चौथा म्हणतो, तिसरा आणि दुसरा. आणि ते दोघे बोट दाखवतात एन्दारांकडे. म्हणजे खरंच एकच माणूस आणि चार सदरे. मी ग्रंथालयात मोठ्यानं हसले, तर पहारेकऱ्यानं येऊन बघितलं.

आणि एन्दारांची तळटीप काय आहे माहीत आहे? "सान ब्रूनो नगर वाचनालय, वृत्तपत्र-कार्डं, 'रोगराई' ड्रॉवर." म्हणजे तुझंच वाचनालय. फिरून फिरून मी तुझ्या दारात आले.

हिरव्या शाईची मात्र मला चटकच लागली आहे. कालच्या एकाच कार्डावर निळ्या तीन ओळी आणि हिरव्या अकरा. त्यातल्या काही तुला पाठवते. देल्फीनला बर्फ कुठून मिळायचा? डोंगरावरून खेचरं आणायची ना, गवतात गुंडाळून? मग ती रोज यायची की आठवड्यानं? साथीच्या आधी ती आली होती का? कोण आजारी पडलं ते सगळे सांगतात, आइस्क्रीम कुणी खाल्लं ते एकही सांगत नाही. असं कसं?

तू ते मूळ कार्ड काढून बघशील? त्यावर नक्की काय लिहिलंय ते हवं आहे. येपेस बाई पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलल्या. मला आता झोपेतसुद्धा बर्फाची खेचरं दिसतात.

अनाबेला


सान ब्रूनो, ६ एप्रिल

अनाबेला,

वाचनालयाचे ड्रॉवर ओलीनं फुगलेत. उघडत नाहीत.

तू त्या आइस्क्रीमच्या मागे का लागली आहेस? गावाच्या पाण्याच्या टाकीवर लिही, त्या वेळच्या डॉक्टरांवर लिही. साथ म्हणजे एवढंच नव्हे. ओब्दुलियाचं आधीच पुष्कळ झालं आहे, उगाच खपली काढू नकोस.

मक्याच्या हुमिता तुझ्या बाबांबरोबर पाठवल्या आहेत. वाफवून खा, तळू नकोस.

आत्या


क्विटो, १९ एप्रिल

प्रिय आत्या,

हुमिता पोचल्या. तळूनच खाल्ल्या.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. जी बाई मला सांगते की पान क्रमांक नसलेलं कार्ड चुलीत घाल, तीच म्हणते आइस्क्रीमच्या मागे लागू नकोस. मला काही ते पटेना. म्हणून मी सरळ एन्दारांच्या घरी गेले. निवृत्त झालेत, कान गेलेत, पण माणूस गोड. चौऱ्याहत्तर साली त्यांनी तुमच्याकडून कार्डांची पेटी आठवड्यासाठी आणली होती आणि विद्यापीठातल्या यंत्रावर सगळ्याच्या छायाप्रती काढल्या होत्या. त्या त्यांच्याकडे अजून आहेत. त्यांनी ती प्रत माझ्यासमोर ठेवली आणि मी अक्षर ओळखलं. तो लांब शेपटीचा 'र' दुसऱ्या कुणाचा असणार?

आत्या, ते कार्ड तुझं आहे. त्यावर स्पष्ट लिहिलंय, "रोग तिथूनच पसरला." म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. जुनी वर्तमानपत्रं तू स्वतः वाचली होतीस. आणि आता शेजारणीचं मन दुखू नये म्हणून तू मला पाण्याच्या टाकीकडे पिटाळतेस. तुझी माया मला समजते. पण मग मला शिस्त शिकवलीस ती कशाला? निळं दुसऱ्याचं, हिरवं आपलं, आणि गैरसोयीचं असेल ते ड्रॉवरमध्ये?

मी पुस्तकाच्या पानांत देल्फीन पोसोचं नाव घालणार आहे, आणि पुरावा म्हणून तुझं कार्ड. तुझे आभारही मानणार आहे, तुला राग आला तरी.

अनाबेला


सान ब्रूनो, २८ एप्रिल

अनाबेला,

सोबत ते मूळ कार्ड पाठवते आहे. ड्रॉवर फुगलेले नाहीत, मी खोटं लिहिलं. चावी माझ्याच एप्रनच्या खिशात असते. तुझं तीस मार्चचं पत्र आलं त्याच दिवशी मी जाऊन ते काढलं होतं, आणि तेव्हापासून ते स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याखाली पडून होतं.

कार्ड उजेडात धर. वरच्या ओळी निळ्या आहेत. "२४ एप्रिल ते १५ मे १९४९, आजारी ४१, मृत ६. पहिले तीन रुग्ण चर्चमागच्या गल्लीतले. आरोग्य निरीक्षकाने चौकातली सरबत व आइस्क्रीमची सगळी दुकानं बंद केली. पान २." हे वर्तमानपत्रानं सांगितलं. आता त्याखाली बघ. "देल्फीन पोसोचं दुकान याच गल्लीच्या तोंडाशी. रोग तिथूनच पसरला." हे कुणी सांगितलं?

हिरवं आहे, बाळ. मी सांगितलं. १९६३ सालच्या कुठल्याशा दुपारी मला तसं वाटलं, आणि मी लिहिलं. "कदाचित" लिहिलं नाही, कारण हिरव्या शाईतलं सगळं कदाचितच असतं, हे मला ठाऊक होतं. फक्त मलाच ठाऊक होतं. एन्दारांच्या यंत्राला रंग कळत नव्हते. त्यातून सगळंच काळं बाहेर आलं.

आता जे सांगते ते तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही. शहात्तर साली तो लेख आला तेव्हा मला आनंद झाला होता. मला वाटलं, बघा, माझा अंदाज बरोबर निघाला, क्विटोच्या एका प्राध्यापकालाही तेच सापडलं. तळटीप मी पाहिली होती. अभिमान वाटला, की आपल्या वाचनालयाचं नाव छापून आलं. तो माझाच अंदाज माझ्याकडे परत येतोय, हे डोक्यातही आलं नाही. शाळेत मास्तरांनी तो लेख वाचून दाखवला. पोरं ओब्दुलियाच्या दुकानासमोर पोट धरून लोळायची सोंगं करायची. मीही तिचं आइस्क्रीम खायचं सोडलं. तिच्या देखत "नको ग, घसा धरलाय" म्हणायची. वर्षभर माझा घसा धरलेला होता.

तुला वाटलं, मी ओब्दुलियाला पाठीशी घालतेय. मी तिला नाही, स्वतःला पाठीशी घालत होते.

सोइला


क्विटो, ८ मे

प्रिय आत्या,

कार्ड मिळालं. खिडकीशी नेऊन बघितलं. मग छायाप्रत शेजारी ठेवली. दोन्ही बराच वेळ बघत बसले. मागच्या पत्रात मी जे बोलले त्याची लाज वाटते. पण ती लाज नंतर कधीतरी सवडीनं बाळगीन, कारण आता काम आहे.

येपेस बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सावध राहा. हिरवं म्हणजे खोटं नव्हे. अंदाज बरोबरही असू शकतो." त्यांचं खरं आहे. आपल्याकडे देल्फीनविरुद्ध पुरावा नाही, पण त्याच्या बाजूनंही नाही. "सिद्ध झालेलं नाही" एवढंच मी लिहिलं तर गावातली माणसं म्हणतील, आग होती म्हणूनच धूर आला ना.

म्हणून माझ्या त्या हिरव्या ओळींकडे परत ये. बर्फ. साथीच्या आधी बर्फ होता का? ते कार्ड लिहिताना तू फक्त 'रोगराई' ड्रॉवर भरत होतीस. बर्फाची बातमी रोगराईत जाईलच कशी? ती कुठल्या ड्रॉवरमध्ये जाईल, आत्या? तुझं डोकं कार्डं कशी लावायचं ते तुलाच माहीत. मला तर वाटतं, उत्तर तुझ्याच अक्षरात तिथं कुठंतरी पडलंय.

पुस्तकाची मुदत जूनअखेरच आहे. तळटीपेत तुझं नाव न घालता "वाचनालयातील एका कार्डावर" एवढंच लिहीन. तू काळजी करू नकोस.

अनाबेला


सान ब्रूनो, २७ मे

अनाबेला,

अकरा दिवस मी 'रस्ते' ड्रॉवरमध्ये बसले होते. पाठ गेली. नव्या ग्रंथपाल बाई मला कॉफी आणून द्यायच्या आणि आजारी माणसाकडे बघावं तसं बघायच्या.

'रस्ते' मध्ये सापडलं. "११ मार्च १९४९, डोंगराची वाट दरड कोसळून बंद. बर्फाची खेचरं रिकामी परतली." आणि पुढचं, "२ मे, वाट पुन्हा खुली." पहिला रुग्ण चोवीस एप्रिलचा, म्हणजे वाट बंद झाल्यावर सहा आठवड्यांनी. येपेस बाईंना विचार, टायफॉइड अंगात दडून राहतो तो फार तर तीन आठवडे ना?

पण तू म्हणशील, त्यानं बर्फ दुसरीकडून आणला असेल. मलाही तेच वाटलं. म्हणून मी 'सण' ड्रॉवर काढला. त्या वर्षी ईस्टर सतरा एप्रिलला होता. निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात, पान चार: "यंदा बर्फाअभावी ईस्टरच्या जत्रेत आइस्क्रीम नाही. बालगोपाळांनी श्री. देल्फीन पोसो यांच्या तळलेल्या एम्पानादांवर समाधान मानले." हे मी त्रेसष्टच्या ऑगस्टमध्ये लिहिलं. रोगराईचं कार्ड जूनमधलं. दोन ड्रॉवरमध्ये चार हातांचं अंतर. तीस वर्षं मी दोन्हींच्या मधून चालत होते.

कार्डं घेऊन मी ओब्दुलियाकडे गेले. ती कोंबड्यांना मका टाकत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, हिरव्या शाईसकट, घसा धरल्याच्या खोट्यासकट. तिनं ऐकून घेतलं. मग एम्पानादांचं कार्ड मी वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "मी तुला हे सांगितलं होतं."

मी म्हटलं, "कधी?"

"दुकान बंद करायच्या आधी. तुझ्या टेबलासमोर उभी राहून. त्या ईस्टरला मी आठ वर्षांची होते, बाबा एम्पानादा तळत होते आणि मी साखर भुरभुरवत होते. तू चष्म्यावरून बघितलंस आणि म्हणालीस, 'ओब्दुलिया, आठवणींना पान क्रमांक नसतो.'"

मला ते आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, यात शंका नाही.

तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. ते मला जास्त लागलं.

तळटीपेत माझं नाव घाल. पूर्ण नाव घाल. देल्फीन पोसोचं नाव सतरा वर्षं छापलेलं आहे, माझं लपवायचं काही कारण नाही.

सोइला विनुएसा


क्विटो, २६ जून

प्रिय आत्या,

पानं गेली. बारा नाही, चौदा झाली. दरडीची तारीख, एम्पानादा, चोवीस एप्रिल, सगळं क्रमानं. शेवटी लिहिलंय, "साथीचं मूळ सापडलेलं नाही. आइस्क्रीम ते नव्हतं, कारण त्या दिवसांत गावात आइस्क्रीमच नव्हतं." नगरपालिकेतल्या गृहस्थांनी फोन केला. म्हणाले, "बाई, पूर्वीची गोष्ट जास्त रंगत होती. मूळ सापडलं नाही असं लिहिलंत तर पोरं परीक्षेत काय लिहिणार?" मी म्हटलं, "हेच लिहितील." नाखुशीनं का होईना, छापताहेत.

एन्दारांकडेही गेले. मूळ कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते खूप वेळ उलटंपालटं केलं. मग माझ्याकडे हिरवा पेन मागितला आणि स्वतःच्या लेखाच्या प्रतीवर, समासात लिहिलं, "मी विचारलं नाही." ती प्रत त्यांनी ओब्दुलियासाठी दिली आहे. सोबत पाठवते.

तळटीपेत तुझं पूर्ण नाव आहे. तू मला शिकवलंस त्यातलं सगळ्यात अवघड हेच होतं.

ओब्दुलिया बोलते का तुझ्याशी?

अनाबेला


सान ब्रूनो, ११ जुलै

अनाबेला,

पुस्तक आलं. एन्दारांच्या प्रतीसह मी ते ओब्दुलियाच्या उंबऱ्यावर ठेवून आले. दार वाजवलं नाही. सहा आठवडे आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. ती पाणी भरायला आली की मी आत, मी आले की ती आत. मात्र पुस्तक ठेवल्यावर चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की कोंबड्या तांब्याच्या कढईऐवजी प्लास्टिकच्या घमेल्यातून पाणी पितायत.

काल सकाळी दार वाजलं. ती उभी. हातात वाटी, त्यात ब्लॅकबेरीचं जांभळं आइस्क्रीम. बर्फ आता कारखान्याचा मिळतो, खेचरांची गरज नाही. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "घसा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"मग खा."

मी उभ्यानंच खाल्लं. दात शिवशिवले आणि डोळ्यांत पाणी आलं. ते दातांमुळे नव्हतं. वाटी संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "आता जे झालं ते लिही. निळ्या शाईत."

मी कार्ड काढलं आणि तिच्या देखत लिहिलं. "१० जुलै १९९३. ओब्दुलिया पोसो यांचं आइस्क्रीम, एक वाटी. खाणारी सोइला विनुएसा." तिनं माझाच चष्मा लावून वाचलं. "आणि पुढं? आजारी पडली की नाही?"

मी म्हटलं, "ते आज कसं लिहू? टायफॉइडला तीन आठवडे लागतात."

तिनं रिकामी वाटी उचलली. "मग तीन आठवडे रोज ये," म्हणाली. "चौकात येऊन खायचं. सगळ्यांसमोर. आणि रोज लिहायचं."

आज दुसरा दिवस. नारांहिया फळाचं होतं, थोडं आंबट. शाळा सुटायच्या वेळी चौकात बाकावर बसून खाल्लं. पोरं बघत उभी होती. तब्येत उत्तम.

आत्या